टॉन्सिलमधला खडा: दिसतो काय, असतो काय

सकाळी खाकरताना तांदळाच्या कणीएवढा पिवळट दाणा तोंडातून पडतो. चिमटीत दाबला की पिठासारखा कुस्करतो आणि कुजलेल्या अंड्याचा वास बोटांना चिकटून राहतो. हा टॉन्सिल स्टोन, म्हणजे टॉन्सिलमधला खडा. पहिल्यांदा पाहणारा हादरतो. कोणाला तो पू वाटतो, कोणाला कॅन्सरची सुरुवात.

‘खडा’ या शब्दामुळे अनेकजण त्याचं नातं मुतखड्याशी जोडतात आणि टोमॅटो-पालक बंद करतात. त्याचा उपयोग नाही. टॉन्सिलच्या अंगावर दहा-वीस खोल खाचा असतात. त्यांत मेलेल्या पेशी, अन्नाचे कण आणि जंतू साचत जातात. खाचेच्या तळाशी प्राणवायू पोहोचत नाही. तिथे वाढणारे जंतू गंधकयुक्त वायू सोडतात, वास त्याचाच येतो. या साचलेल्या मळावर कॅल्शियमचे क्षार बसले की तो कडक होतो.

‘आरशात पाहिलं, काही नाही,’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण टॉन्सिलचा बराच भाग पुढच्या स्नायूच्या पडद्याआड असतो. डॉक्टर एका पट्टीने जीभ दाबून उजेड पाडतात आणि दुसऱ्या पट्टीने तो पडदा हलकेच बाजूला सारतात. टॉन्सिलच्या कडेवर थोडा दाब पडला, की आतापर्यंत न दिसलेला पांढरा दाणा खाचेतून वर येतो. गरज पडली तर हातमोजा घालून बोटानेही चाचपतात, कारण नुसत्या नजरेला टॉन्सिल मऊ आहे की कडक हे कळत नाही. बहुतेकांचं निदान एवढ्यातच होतं. रक्त तपासायची गरज नसते.

मग सीटी स्कॅन? ‘स्कॅनशिवाय खात्री नाही’ ही समजूत रुग्णाचे पैसे विनाकारण घालवते. जपानमधल्या संशोधकांनी २०१३ साली ४८२ जणांचे सीटी स्कॅन आणि जबड्याचे पॅनोरॅमिक एक्स-रे शेजारी ठेवून पाहिले. स्कॅनमध्ये सुमारे ४६ टक्के लोकांत टॉन्सिलचे खडे दिसले, एक्स-रेत जेमतेम सात टक्क्यांत. यातून दोन गोष्टी कळतात. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून खडा नाही असं होत नाही. आणि इतक्या जणांत खडे सापडत असतील, तर स्कॅनमध्ये दिसलेला प्रत्येक खडा हा आजार नव्हे. दाताच्या डॉक्टरांनी काढलेल्या एक्स-रेत जबड्याच्या हाडावर या खड्यांचे पांढरे ठिपके दिसले आणि त्रास काहीच नसेल, तर उपचारही लागत नाहीत.

तोंडाच्या वासाचंही तसंच. बहुतेकांना तो जिभेच्या मागच्या भागातून किंवा हिरड्यांतून येतो. खडा दिसला म्हणून सगळा दोष त्याच्यावर टाकून टॉन्सिल काढायला निघण्याआधी हिरड्या तपासून घ्याव्यात.

आता ज्या गैरसमजाची मला खरी काळजी वाटते तो सांगतो: ‘पांढरं दिसतंय, म्हणजे खडाच.’ ताप, गिळताना वेदना आणि दोन्ही टॉन्सिलवर पांढरे ठिपके असतील तर तो संसर्ग असू शकतो. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांना किंवा मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना बुरशीचे पांढरे थर येतात. लहान मुलाच्या घशात राखाडी-पांढरा, चिकटून बसलेला पडदा दिसला तर घटसर्पाची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तो पडदा खरवडला तर रक्त येतं, म्हणून घरी हात लावूच नये. खडा दिसला तरी सेफ्टी पिन किंवा काडी घालून टोकरू नये, टॉन्सिलला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या पुरतात, आणि नुसत्या खड्यासाठी अँटिबायोटिक लागत नाही.

आता कानाच्या दुखण्याबद्दलही थोडं सांगायला हवं. टॉन्सिलला संवेदना पुरवणारी नसच मधल्या कानालाही फांदी देते, त्यामुळे मोठ्या खड्याने कधीकधी त्या बाजूचा कान दुखतो. पण घशातल्या कॅन्सरमध्येही कान याच वाटेने दुखतो. म्हणून खडा सापडला की शोध तिथेच थांबवू नये. एकच टॉन्सिल मोठा आहे, त्यावर जखम आहे, थुंकीतून रक्त येतंय, मानेत गाठ लागतेय किंवा एका बाजूचं घशाचं नाहीतर कानाचं दुखणं तीन आठवड्यांनंतरही हटत नाही, यांतलं एकही लक्षण असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. तंबाखू, मिश्री, विडी किंवा दारूची सवय असेल तर ती न लपवता सांगा. आणि तपासणीत नुसता उजेड पाडून झाला असेल, तर ‘बोटाने चाचपून पाहाल का?’ असं विचारायला संकोच करू नका.