धुक्याचं चित्र

मुलांनो, पावसाळ्यात आमच्या मुळशीतले डोंगर हरवतात. खरंच! ताम्हिणीकडून धुकं उतरायला लागलं, की शाळेच्या व्हरांड्यातून धरणाचं पाणी दिसत नाही आणि पलीकडचा डोंगरही दिसत नाही.

अशाच एका दिवशी मी चौथीच्या वर्गाला ‘माझं गाव’ हे चित्र काढायला दिलं. सगळ्यांनी कागद गच्च भरले. दोन डोंगर, मध्ये सूर्य, नदी आणि नारळाचं झाड. (आमच्या गावात नारळ नाही, पण चित्रात तो असतोच!) एका मुलीचा कागद मात्र जवळजवळ कोरा होता. खाली कोपऱ्यात कौलारू छपराचा तुकडा आणि म्हशीची दोन शिंगं. बस्स.

“अगं, अर्धवट का ठेवलंस?”

“पुरं झालंय बाई. ते धुकं आहे.”

मी तरी १० पैकी ४ गुण दिले.

पुढे एका पुस्तकात मा युआन या चिनी चित्रकाराचं चित्र पाहिलं, आणि ते ४ गुण मला टोचायला लागले. मा युआन सुमारे ८०० वर्षांपूर्वी होऊन गेला. चित्रात एक छोटी होडी आहे, तिच्यात वाकून गळ टाकलेला एक माणूस, आणि होडीभोवती लाटांच्या चार-दोन रेघा. बाकी सगळं मोकळं! होडीवर बोट ठेवून पाहा, उरतं नुसतं रिकामं रेशीम. बोट उचला, की त्याच रेशमाचं अथांग पाणी होतं. हा चित्रकार बऱ्याचदा एका कोपऱ्यातच चित्र काढायचा, म्हणून लोक त्याला ‘एक-कोपरा मा’ म्हणत. अशी जागा मुद्दाम मोकळी सोडण्याला चिनी भाषेत ‘लिऊबाय’ म्हणतात, म्हणजे पांढरं राखणं.

आता तुम्ही म्हणाल, सिनेमात कुठून आणायची कोरी जागा? पडदा तर भरलेलाच असतो! (चिनी भाषेत सिनेमाला ‘विजेची सावली’ म्हणतात. किती छान शब्द!)

रशियातले एक मोठे दिग्दर्शक होते, सर्गेई आयझेनस्टाइन. जपानने चीनकडून घेतलेल्या चित्रलिपीबद्दल त्यांनी १९२९ मध्ये लिहिलं. तिच्यात डोळ्याचं चिन्ह आणि पाण्याचं चिन्ह शेजारी ठेवलं, की अर्थ होतो रडणं. रडणारा माणूस कुठेच काढलेला नाही! सिनेमातही दोन दृश्यं जोडली, की न दाखवलेली तिसरी गोष्ट आपल्या मनात उमटते, असं ते म्हणत. आधी रिकामा डबा दाखवा, मग एका मुलाचा चेहरा. त्याला भूक लागलीय, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

आणि आपल्या पुण्यात तर आवाजातही कोरी जागा ठेवली गेली. प्रभात कंपनीचा ‘कुंकू’ हा चित्रपट १९३७ चा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीराची ती गोष्ट आहे. त्यात गाणी आहेत, पण प्रसंगांमागे वाजणारं पार्श्वसंगीत नाही. त्याऐवजी घरातले आवाजच ऐकू येतात, जसा भिंतीवरच्या घड्याळाचा. इथे रडा, इथे घाबरा, असं सांगायला कोणी व्हायोलिन वाजवत नाही. नीराच्या मनात काय चाललंय, ते आपलं आपण ओळखायचं. शांतारामबापूंनी हे चिनी चित्रं पाहून केलं, असं मी म्हणत नाही हं. पण वाट तीच आहे. प्रभातच्या त्याच आवारात १९६० मध्ये सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था सुरू झाली, ती आजही आहे.

पालकांनो, मुलांबरोबर सिनेमा बघताना एखाद्या प्रसंगात आवाज पूर्ण बंद करून बघा. मुलं तुमच्या आधी गोष्ट सांगतील!

ती मुलगी आता माध्यमिक शाळेत जाते. तिचं चित्र माझ्या कपाटात आहे. परवा गुण बदलायला म्हणून ते बाहेर काढलं. छप्पर तसंच आहे, शिंगंही तशीच आहेत. माझा लाल शाईतला ४ मात्र बरोबर धुक्याच्या मधोमध बसलाय.