देखाव्यातले देह : ‘लूझिंग माय रिलिजन’चे दृश्यवाचन

म्युझिक व्हिडिओचे विश्लेषण करताना पहिली फेरी आवाज बंद ठेवून करावी लागते, कारण सूर कानी पडत असले की संकलनातले तुटक सांधेही सलग भासतात आणि प्रकाश, रंग व देहांची मांडणी यांच्याकडे डोळा स्वतंत्रपणे वळत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या अथेन्स शहरातून पुढे आलेल्या आर.ई.एम. या अल्टरनेटिव्ह, म्हणजे बाजारी रॉकच्या मुख्य प्रवाहाबाहेर वाढलेल्या, बँडचा १९९१ मधील ‘लूझिंग माय रिलिजन’ हा व्हिडिओ असा मूकपणे पाहिला की त्यात एका गाण्याखाली दोन भिन्न दृश्यजगे नांदत असल्याचे ध्यानात येते.

पहिले जग एका काळोख्या खोलीचे आहे. गायक मायकल स्टाइप खुर्चीवर बसून आहे, बँडमधील इतर तिघे खोलीतून धावत जातात, खिडकीच्या कट्ट्यावरची दुधाची सुरई खाली पडून फुटते आणि मगच संगीत सुरू होते. ही सुरई आंद्रेई तार्कोव्हस्की यांच्या ‘द सॅक्रिफाइस’ (१९८६) या चित्रपटातून आलेली आहे; तिथे लढाऊ विमानांच्या गडगडाटाने घर हादरते, दुधाचे भांडे जमिनीवर आपटते आणि अणुयुद्धाची पहिली चाहूल लागते. दूध म्हणजे निर्मळता, ती सांडली म्हणजे निरागसता संपली, असा प्रतीककोशातला अर्थ येथे चटकन चिकटवता येतो, पण तो फार पुढे नेत नाही. व्हिडिओत विमाने नाहीत आणि युद्धही नाही. आघाताचे कारण गाळून केवळ परिणाम उरवला आहे, आणि म्हणूनच पुढे गायकाच्या अंगविक्षेपांतून दिसणारी अस्वस्थता कशातून आली हे चित्रचौकट अखेरपर्यंत सांगत नाही.

दुसरे जग देखाव्यांचे आहे. दिग्दर्शक तरसेम सिंग हे मूळचे जालंधरचे. अतिनाट्यमय आणि स्वप्नवत अशा एका प्रकारच्या भारतीय चित्रपटशैलीचा आदर्श त्यांनी समोर ठेवला होता, असे स्टाइप यांनी सांगितले आहे. पुण्याच्या गणेशोत्सवातील जिवंत देखाव्यांत जशी माणसे ठरावीक पवित्र्यात, रंगीत झोतात उभी असतात, तशीच मांडणी येथे आढळते. मात्र तिच्यावर इटालियन चित्रकार काराव्हाजो यांच्या प्रकाशयोजनेचा संस्कार आहे. या योजनेला कियारोस्कुरो म्हणतात : एकाच बाजूने येणारा तीव्र प्रकाश अंगाचा काही भाग उजळतो आणि उरलेले चित्र गडद अंधारात बुडवून टाकतो.

या देखाव्यांतील मुख्य आकृती ओळखणे अवघड नाही. पंख असलेला म्हातारा गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या कथेतला आहे; त्या कथेत गावकरी आकाशातून पडलेल्या या देवदूतसदृश माणसाला कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडतात, त्याला पाहण्यासाठी तिकीट लावतात आणि जिवंत आहे का हे तपासायला त्याच्या कुशीला डागणीही देतात. बाणांनी विंधलेला तरुण म्हणजे संत सेबास्तियान. पणजीच्या फोंतेन्यास वस्तीत ज्याच्या नावाचे कपेल आहे, तोच हा रोमन हुतात्मा. जखमेकडे जाणारे बोट संशयी थॉमसचे आहे, ज्याने पुनरुत्थित ख्रिस्ताच्या जखमेला हात लावल्याखेरीज विश्वास ठेवणार नाही असे म्हटले होते. बहुतेक रसग्रहणे येथवर येऊन थांबतात, जणू उगम सापडला की अर्थही सापडला. वास्तविक या तिन्ही प्रतिमा शेजारी ठेवल्या तर त्यांना जोडणारा धागा श्रद्धेचा नसून उघड्या पडलेल्या देहाचा आहे, असे दिसते : एकाला लोक चाचपतात, दुसऱ्यावर नेम धरतात, तिसऱ्याची जखम पुरावा म्हणून तपासतात. गाण्याचा विषय, खुद्द स्टाइप यांच्याच म्हणण्यानुसार, एकतर्फी आणि झपाटून टाकणारे प्रेम हा आहे. नको तितके मन उघडे केलेल्या माणसाची लाज हुतात्म्यांच्या देहांवर चढवणे ही दिग्दर्शकाची खरी करामत आहे. एमटीव्हीने त्या वर्षी या व्हिडिओला दिलेल्या सहा पुरस्कारांत दिग्दर्शन, कलादिग्दर्शन आणि संकलन यांचे पुरस्कार होते, हे त्या दृष्टीने उचितच म्हणावे लागेल.

हिंदू देवतांच्या वेषातील आकृती मात्र या सूत्रात सहजी बसत नाहीत. त्यांच्यामागे पिएर आणि झील या फ्रेंच कलावंतजोडीच्या चकचकीत, रंगवलेल्या छायाचित्रांची शैली आहे, आणि त्या शैलीचे नाते भारतीय कॅलेंडरचित्रांशी, म्हणजे राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने आधी मुंबईतून आणि नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीतून घरोघरी पोहोचवलेल्या देवादिकांच्या चित्रपरंपरेशी जुळते. त्या परंपरेतील देव केवळ पाहिला जात नाही, तो भक्ताकडे रोखून पाहतही असतो, आणि दर्शन या कल्पनेत हे दुतर्फा पाहणेच अभिप्रेत आहे. बाणांनी विंधलेल्या देहाची अगतिकता अशा देवतेच्या अंगी येणे कठीण; त्यामुळे या चौकटींत शोभा अर्थाला वरचढ ठरते आणि व्हिडिओची एरवी घट्ट असलेली वीण नेमकी दिग्दर्शकाच्या स्वतःच्या देशाशी नाते सांगणाऱ्या चित्रांपाशीच सैल पडते.