मस्कार्पोने : एका नावाची कुळकथा

मस्कार्पोने हे उत्तर इटलीतल्या लोम्बार्डीचं, लोण्यासारखं मऊ चीज. साय सुमारे ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवायची, लिंबाचा रस किंवा तसंच एखादं आंबट घालून ती घट्ट करायची आणि फडक्यात निथळत ठेवायची. आपल्या चक्क्याचीच ही दूरची बहीण. आंबेगाव तालुक्यात मंचरला चीजचा मोठा कारखाना असल्यामुळे जुन्नर-आंबेगावात चीज आता नवलाचं राहिलेलं नाही. पण मस्कार्पोने या नावाचा अर्थ काय?

एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. मिलानवर स्पेनची सत्ता असताना कुणा स्पॅनिश अंमलदाराने हे चीज चाखलं आणि ‘मास के बुएनो’, म्हणजे ‘चांगल्याहून चांगलं’, असे उद्गार काढले. त्याचंच पुढे मस्कार्पोने झालं! गोष्ट गोड आहे. पण या उद्गारात ना ‘र’ आहे, ना ‘प’. ते आले कुठून?

उत्तर लोम्बार्डीच्या बोलीतच आहे. तिथे रिकोट्टाला, म्हणजे चीज काढल्यावर उरलेली निवळी पुन्हा तापवून मिळणाऱ्या चोथ्याला, ‘मस्कार्पा’ किंवा ‘मस्केर्पा’ म्हणतात. इटालियनमध्ये ‘ओने’ हा प्रत्यय मोठेपणा दाखवतो आणि बरेचदा स्त्रीलिंगी शब्दाला पुल्लिंगी करतो. ‘मिनेस्त्रा’ म्हणजे सार, तर भाज्यांनी भरलेलं दाट सार ‘मिनेस्त्रोने’. मराठी माणसाला हे वेगळं समजावायला नको. आपणही सुरीचा सुरा, डबीचा डबा आणि टोपलीचा टोपला करतोच. तसाच मस्कार्पाचा मस्कार्पोने झाला.

गंमत अशी की मस्कार्पा निवळीची, तर मस्कार्पोने सायीचा. पदार्थ बदलला, नाव जुन्याचंच राहिलं. आपल्या शिकरणाचंही तेच. संस्कृतातली ‘शिखरिणी’ म्हणजे साखर, वेलदोडे घालून वस्त्रगाळ केलेलं दही. आज शिकरण म्हटलं की ताटात येतं दूध-केळं. दही गेलं, शब्द उरला.

गावांचंही असंच होतं. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे. तरीही तालुका आंबेगावच. म्हणून नावाचा शोध घेताना रंगतदार गोष्टीपेक्षा तिथल्या बोलीला आधी विचारावं. जे पाण्याखाली गेलं किंवा ताटातून उठलं, त्याचा पत्ता बहुधा तिच्यापाशीच सापडतो.