सूर जपायचे की सुरांच्या सूचना?

विशेष प्रतिनिधी

एके काळी गाणे ध्वनिमुद्रित करायचे म्हणजे स्टुडिओची तारीख मिळवावी लागे, वादक जमवावे लागत आणि घड्याळावर डोळा ठेवून काम उरकावे लागे. आता संगणक, छोटा की-बोर्ड आणि हेडफोन एवढ्या भांडवलावर घरातल्या खोलीतच वाद्यमेळ उभा राहतो. ही किमया सॉफ्टवेअर सिंथेसायझरची, म्हणजे संगणकाच्या आत वाजणाऱ्या वाद्याची. मात्र वाजवून झाल्यावर नोंद कशाची ठेवायची, प्रत्यक्ष ध्वनीची की 'मिडी'ची, या प्रश्नाकडे अनेक नवोदितांचे दुर्लक्ष होते. त्याची किंमत काही वर्षांनी मोजावी लागते. स्वतःचेच गाणे उघडले, तर ते वाजत नाही!

मिडी म्हणजे स्वरलिपी

'मिडी' ही वाद्यांनी आणि संगणकांनी परस्परांशी बोलण्याची भाषा. १९८३च्या जानेवारीत अमेरिकेतील 'नाम' या वाद्यप्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर तारेने जोडून तिचे प्रात्यक्षिक दाखवण्यात आले. या भाषेत ध्वनी नसतो. असतात त्या केवळ सूचना. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढेच त्यात नोंदले जाते. स्वर आणि जोर या दोहोंसाठी ० ते १२७ असे आकडे असतात. मधल्या सप्तकातील 'पांढरी एक'चा क्रमांक ६०.

ध्वनीची नोंद, म्हणजेच ऑडिओ, याहून अगदी निराळी. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात दर सेकंदाला ध्वनिलहरीची ४४,१०० मोजमापे घेतली जातात आणि स्टिरिओ ध्वनीच्या एका मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट जागा लागते. तेवढ्याच वेळाची मिडी नोंद सहसा काही किलोबाइटमध्ये मावते. थोडक्यात, मिडी ही स्वरलिपी, तर ऑडिओ ही प्रत्यक्ष मैफलीची ध्वनिफीत.

मिडीचा लवचीकपणा

गाण्याचा साज 'काळी एक'मध्ये बसवला आणि गायिकेला तो अर्धा स्वर खाली हवा असला, तर मिडीत हे काम क्षणात होते. लय बदलायची, चुकलेला एखादा स्वर सुधारायचा, बासरीची ओळ व्हायोलिनला द्यायची, हे सारे अखेरपर्यंत शक्य असते. ऑडिओतही पट्टी आणि लय बदलता येते; पण बदल मोठा असेल तर ध्वनीचा पोत बिघडतो. अर्थात, मिडीतही सावधगिरी हवीच. तालवाद्यांच्या मार्गिकेत प्रत्येक क्रमांक वेगळ्या आघाताचा असतो. प्रचलित 'जनरल मिडी' संकेतानुसार ३८ म्हणजे स्नेअर ड्रम आणि ३७ म्हणजे ड्रमच्या कडेवरचा काठीचा आघात. सर्व मार्गिका एकदम अर्धा स्वर खाली आणल्या, तर तालाचा चेहराच बदलतो.

मेख कोठे आहे?

स्वरलिपी वाचायला वादक लागतो, तशी मिडी वाजवायला तीच सॉफ्टवेअर वाद्ये लागतात. ती दुसऱ्या संगणकावर नसतील तर सतारीच्या जागी पियानो वाजेल किंवा शांतता पसरेल. आपल्या संगीतात ही अडचण अधिक जाणवते. मिडीत मींड नोंदली जाते ती स्वर वाकवण्याच्या सूचनेने. पण तो नेमका किती वाकवायचा, हे वाद्यातील मांडणीवर अवलंबून असते. एका वाद्यात ती दोन अर्धस्वरांची असली आणि दुसऱ्यात बारांची, तर तीच मींड भलत्याच स्वरावर जाऊन थांबते.

काळाचा घाव त्याहून खोल असतो. २०१९ मध्ये ॲपलने मॅकओएसच्या 'कॅटालिना' आवृत्तीत ३२ बिट सॉफ्टवेअर चालवणे थांबवले. ज्या जुन्या वाद्यांची नवी आवृत्ती निघाली नाही, ती नव्या यंत्रणेवर मुकी झाली. ज्यांनी त्यांच्या मार्गिका ऑडिओत उतरवून ठेवल्या होत्या, त्यांचे सूर मात्र शाबूत राहिले.

शिवाय काही वाद्ये प्रत्येक वेळी मुद्दाम किंचित निराळी वाजतात. एखाद्या वेळी लाभलेला नेमका नाद टिकवायचा, तर तो ध्वनिरूपातच पकडावा लागतो. संगणकावरील भार हेही एक कारण आहे. प्रत्येक सॉफ्टवेअर वाद्य त्या क्षणी गणित करून ध्वनी निर्माण करते. वाद्ये वाढली की आवाज तुटू लागतो. मग बफर वाढवावा लागतो. १,०२४ मोजमापांच्या बफरला सुमारे २३ मिलिसेकंदांचा विलंब लागतो आणि पट्टी दाबल्यावर स्वर उशिरा आल्याचे बोटांना जाणवते. मार्गिका ऑडिओत उतरवली की हा भार हलका होतो. अनेक संगीत सॉफ्टवेअरमधील 'फ्रीझ' ही सोय तात्पुरत्या स्वरूपात हेच करते.

दोन्ही जपा

तेव्हा निवड एकाचीच करण्याचे कारण नाही. रचना आकार घेत असताना मिडीवर काम करावे आणि साज पक्का झाला की प्रत्येक वाद्य स्वतंत्र ऑडिओ मार्गिकेत उतरवावे. त्या वेळी पुढील पथ्ये पाळावीत:

- सर्व मार्गिका गाण्याच्या आरंभबिंदूपासूनच उतरवाव्यात, म्हणजे त्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये अचूक जुळतात.
- २४ बिटची वेव्ह फाइल करावी. आवाजाची पातळी शिगेला नेऊ नये.
- शेवटच्या स्वरानंतर काही सेकंद जास्त ठेवावेत, अन्यथा घुमारा मध्येच तुटतो.
- घुमारा घातलेली आणि न घातलेली, अशा दोन्ही प्रती ठेवाव्यात.
- मूळ मिडी पुसू नये. ती केवळ बंद करून ठेवावी. सोबत वाद्याचे नाव, आवृत्ती, निवडलेला नाद आणि गाण्याची लय लिहून ठेवावी.

या कामाला गाण्यामागे अर्धा-पाऊण तास जाईल. मात्र दहा वर्षांनी कोणी त्याच गाण्याचा साज मागितला, तर मिडी हाताशी असल्याने तो नव्याने सजवता येईल आणि ऑडिओ हाताशी असल्याने जसाच्या तसा ऐकवताही येईल.