लेसरच्या टोकाचा ताप

पायातील फुगलेली शीर लेसरने बंद करावी असे येथील डॉक्टरांनी सुचवले, तेव्हा मनात पहिला प्रश्न आला: पाय भाजणार तर नाही ना? वाचकांपैकी अनेकांना हा त्रास असेल, म्हणून थोडी माहिती देतो.

शिरेत बारीक काचतंतू सरकवतात. त्यातून येणारा प्रकाश स्वतः गरम नसतो. पण टोकाला लागलेले रक्त करपते, आणि कंदिलाच्या काचेवर धरावी तशी काजळी तेथे धरते. काळा थर प्रकाश शोषतो व टोक प्रचंड तापते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्राणी-प्रयोगात शिरेच्या आत १३०० अंश सेल्सियसहून अधिक तापमान नोंदले गेले. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी ८१०, ९४० व १४७० नॅनोमीटरच्या लेसरसाठी वापरलेल्या तंतूंवरील करपलेल्या रक्ताचा थर तपासला.

मग पाय का भाजत नाही? ही उष्णता अगदी लहान जागेत असते, तंतू सतत मागे ओढला जातो आणि शिरेभोवती टोचलेले बधिरतेचे पाणी कातडी व मज्जातंतूंना जपते. उघडे टोक भिंतीला टेकले तर मात्र शिरेला भोक पडून काळेनिळे वळ उठू शकतात. म्हणून टोपण असलेले किंवा चहूबाजूंना प्रकाश टाकणारे टोकही वापरतात.

तेव्हा डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावे: टोक कोणते? भोवती पाणी टोचणार ना? आणि विमा कंपनीला तिसरा: खर्च मिळेल का, आयगन रिसिकोतून किती जाईल? मी विचारले, मग निर्धास्तपणे झोपलो.