चार राजवटी, एक खजिनदार

जुलै १५५३ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये नुकत्याच इंग्लंडच्या गादीवर बसवलेल्या लेडी जेन ग्रेपुढे राजमुकुट घेऊन एक वृद्ध उमराव उभा राहिला. मुकुट डोक्यावर ठेवून पाहा, असा त्याने आग्रह धरला. तुमच्या पतीसाठीही एक घडवू, असंही तो म्हणाला. ही हकिकत खुद्द जेननेच पुढे सांगितली. तो उमराव म्हणजे विल्यम पॉलेट, मार्क्विस ऑफ विंचेस्टर, इंग्लंडचा लॉर्ड ट्रेझरर. १९ जुलैला राजाच्या सल्लागार मंडळाने जेनची साथ सोडून आठव्या हेन्रीची मुलगी मेरी ट्यूडर हिच्या नावाने द्वाही फिरवली. पॉलेटही त्यांच्यातच होता. जेनला गादीवर बसवण्याचा घाट घालणाऱ्या नॉर्दंबरलंडचा ऑगस्टमध्ये शिरच्छेद झाला, जेनचा पुढच्या फेब्रुवारीत. पॉलेटचं पद मात्र कायम राहिलं.

आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी आणि एलिझाबेथ अशा चार राजवटींत त्याने कारभार केला. त्या काळात राजाबरोबर राज्याचा धर्मही बदलत होता. इतका काळ तुम्ही टिकलात कसे, असं कोणी विचारल्यावर आपण ओकच्या नव्हे, वाळुंजाच्या जातीचे, असं उत्तर त्याने दिल्याची आख्यायिका आहे. ते उत्तर मला अपुरं वाटतं. वाकणारे दरबारात पुष्कळ होते, आणि त्यांतल्याही अनेकांची डोकी उडाली.

पॉलेट टिकला तो हिशेबामुळे. हॅम्पशायरमधल्या बेसिंगचा हा माणूस हेन्रीच्या काळात ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’चा प्रमुख झाला. जमीनदार मेला आणि वारस अज्ञान असला, की ती जमीन आणि वारसाच्या लग्नाचा हक्कसुद्धा राजाकडे जाई. त्याचा पैसा या कचेरीतून येई. कुठल्या घराण्याकडे काय आहे, हे पॉलेटइतकं फार थोड्यांना ठाऊक असेल.

१५५० मध्ये तो लॉर्ड ट्रेझरर झाला, तेव्हा हेन्रीच्या फ्रान्स आणि स्कॉटलंडमधल्या युद्धांनी तिजोरी खंगली होती आणि नाण्यांतली चांदी घटवून घटवून चलनाची पत गेली होती. महसुलाची खाती वेगवेगळ्या कचेऱ्यांत विखुरलेली. हेन्रीने जप्त केलेल्या मठांच्या जमिनींचं उत्पन्न पाहणारी स्वतंत्र कचेरी मेरीच्या काळात, १५५४ मध्ये, मुख्य खजिन्यात विलीन झाली. त्याहून मोठं काम १५५८ चं. जकात ज्या किमतींवर आकारली जाई, त्या कित्येक वर्षांपूर्वीच्या होत्या. बाजारभाव मात्र केव्हाच वर गेले होते. नवं दरपुस्तक आलं आणि जकातीचं उत्पन्न दुपटीहून अधिक झालं. त्याच वर्षी मेरी वारली. फळ मिळालं एलिझाबेथला. १५६० मध्ये तिने खोटं नाणं मागे घेऊन चांदीचं खरं नाणं पाडायला घेतलं, तेव्हाही खजिना पॉलेटच्याच हाती होता. असा माणूस कोणता राजा घालवील?

तरी त्याचं सगळं पोटात घालता येत नाही. १५३५ मध्ये थॉमस मोर आणि बिशप फिशर यांच्यावर खटले चालले, तेव्हा पॉलेट न्यायाधीशांत होता. हेन्रीला चर्चचा प्रमुख मानण्याची शपथ विवेकाला स्मरून नाकारणाऱ्या या दोन माणसांना मरणाची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी नेटली मठाची मालमत्ता राजाकडून त्याच्या पदरात पडली. हिशेबातलं कौशल्य हा डाग पुसू शकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

१० मार्च १५७२ रोजी पॉलेट बेसिंगच्या आपल्या वाड्यात वारला. बावीस वर्षं राज्याची तिजोरी सांभाळणाऱ्या या माणसाच्या नावावर त्याच तिजोरीचं मोठं देणं निघालं.