गाडीची किल्ली कोणाच्या हाती?

वार्षिक अहवालात प्रामुख्याने वर्षभराच्या कार्याचा आढावा घेतला जातो. तथापि जे दुखणे घराच्या उंबरठ्यावरच रोखता येते, त्याविषयी देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या नातेवाइकांशी दोन शब्द बोलणे हेही आम्ही आपले कर्तव्य मानतो. अल्पवयीन मुलांनी मद्यपान करून वाहन चालविणे हे असेच एक दुखणे आहे.

लातूर व नांदेड येथे गावोगावची मुले अकरावी-बारावी आणि 'नीट'च्या तयारीसाठी खोली घेऊन राहतात. शिकवणी लांब पडते म्हणून पालक दुचाकी घेऊन देतात. निकालाच्या वा वाढदिवसाच्या आनंदात हीच दुचाकी रात्री महामार्गावरील ढाब्याकडे वळते. त्या वेळी आईवडील दूर गावी निर्धास्त झोपलेले असतात.

दि. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मुलाला मद्य देणारे, मोटार देणारे आणि नंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून अटक झालेले डॉक्टर, अशा अनेक प्रौढांवर या प्रकरणात गुन्हे दाखल झाले. चूक मुलाची म्हटली, तरी तिच्या मागेपुढे मोठी माणसेच उभी होती.

'एका बाटलीने काय होते?' असे मुले म्हणतात. कायद्याची मर्यादा १०० मि.लि. रक्तात ३० मि.ग्रॅ. मद्यार्क एवढी आहे. पन्नास-पंचावन्न किलो वजनाच्या मुलाने ६५० मि.लि. बिअर घेतल्यास ही मर्यादा सहज ओलांडली जाते. शरीर मद्यार्काचा निचरा आपल्या गतीने, १०० मि.लि. रक्तामागे तासाला साधारण १५ मि.ग्रॅ. या प्रमाणातच करते. लिंबूपाणी, कॉफी वा थंड पाण्याची आंघोळ यांनी ती गती वाढत नाही.

याहून घातक बाब म्हणजे नशेची आणि मेंदूच्या दुखापतीची लक्षणे सारखीच दिसतात: जड जीभ, उलटी, गुंगी. 'उतरली की उठेल' म्हणून मित्र जखमी मुलाला खोलीवर झोपवितात आणि डोक्यातील रक्तस्राव वाढत राहतो. अशा वेळी तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मुलाने मद्य घेतल्याचे डॉक्टरांपासून लपवू नये. उपचाराची दिशा त्यावर अवलंबून असते.

आता हिशेबाची बाजू. अठरा वर्षांखालील मुलाने गुन्हा केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ अन्वये पालक वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो केवळ ५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकीचा, बाजारातील बहुतेक स्कूटर त्याहून मोठ्या असतात. परवाना नसताना अपघात झाल्यास विमा कंपनीने दिलेली भरपाई वाहनमालकाकडून वसूल करण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. घर आणि शेत विकण्याची पाळी येते ती अशी. मुलांना मद्य देणाऱ्यास बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

एक विनंती मात्र स्पष्ट शब्दांत करणे भाग आहे. जखमी कोणीही असो, त्याने मद्य घेतलेले असो वा नसो, उपचार तत्परतेने झालेच पाहिजेत. परंतु पोलिसांकडे जाणाऱ्या कागदात 'मद्याचा उल्लेख टाळा' अशी गळ कोणत्याही नातेवाइकाने, ओळखीच्या व्यक्तीने किंवा हितचिंतकाने घालू नये. देणगीची पावती फाडून रुग्णालयाची नोंद बदलता येत नाही, येता कामा नये. ज्या रुग्णालयाची नोंद खोटी, त्याच्या उपचारावर तरी विश्वास कोणी ठेवावा?

आपल्या देणग्यांतून खाटा वाढतात, यंत्रे येतात, रक्तपेढीला हातभार लागतो; त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु काही प्राण कोणत्याही यंत्राने परत आणता येत नाहीत. ते वाचविण्याचा उपाय घरातील खुंटीवर टांगलेला असतो. मुलगा अठरा वर्षांचा होऊन परवाना मिळेपर्यंत ती किल्ली वडीलधाऱ्यांनी आपल्याच हाती ठेवावी, आणि 'कितीही वाजले तरी फोन कर, मी घ्यायला येतो' एवढे अभय त्याला द्यावे, ही नम्र विनंती.